वेळापत्रकातला मोकळा चौकोन

जूनमध्ये शाळा उघडण्याआधीचे दिवस मी वेळापत्रकाला देते. पर्यवेक्षिकेच्या कामांमध्ये हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. शिक्षकांचं वर्ष समाधानाचं जाणार की ओढाताणीचं, हे बरंचसं त्या तक्त्यावरच ठरतं. संगणक आता चुटकीसरशी तक्ता काढून देतो आणि एकच बाई एका वेळी दोन वर्गांत नाहीत एवढी खात्री करतो. पण वासिंदहून येणाऱ्या बाईंची गाडी चुकली तर पुढची कधी मिळते, गणिताच्या सरांचा घसा डॉक्टरांनी जपायला सांगितला आहे, सहावीतला एक मुलगा मधल्या सुट्टीनंतर वाचायला बसूच शकत नाही, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. म्हणून पहिला आराखडा मी अजून पेन्सिलीनेच मांडते.

आम्हा डोंबिवलीकरांच्या शाळांत कल्याणपलीकडून येणारे शिक्षक पुष्कळ. कल्याणला रेल्वेचे दोन फाटे होतात. एक बदलापूर-कर्जतकडे जातो, दुसरा टिटवाळा-आसनगाव-कसाऱ्याकडे. कसारा बाजूला गाड्या विरळ, आणि पावसाळ्यात एखादी रद्द झाली की माणूस फलाटावर अडकलाच. अशा शिक्षिकेला पहिला तास दिला तर ती वर्षभर धापा टाकत वर्गात शिरेल. तिला दुसऱ्या तासापासून सुरुवात द्यावी आणि शेवटचा तास तिच्याकडे ठेवावा. शाळेजवळ राहणाऱ्यांनी पहिला तास घ्यावा. मात्र हे सगळ्यांसमोर, कारण सांगून करायचं. गुपचूप दिलेली सवलत स्टाफरूममध्ये माणसांना एकमेकांपासून तोडते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सलग तास. साठ मुलांच्या वर्गात एकामागून एक चार तास बोललं की आवाज बसतो, हे सगळे मान्य करतात. ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते असं, की कितीतरी शिक्षिका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. तास संपल्याची घंटा आणि पुढच्या वर्गाचं दार यांत स्वच्छतागृहापर्यंत जाऊन येण्याइतका वेळ नसतो. मग लघवीची जळजळ, मूत्रमार्गाचा संसर्ग, औषधं, रजा. गरोदर शिक्षिकेचे हाल तर विचारूच नका. शिक्षकांच्या मानसिक आरोग्यावर आता व्याख्यानं होतात, आणि ती व्हायलाच हवीत. डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच संस्थेने १९९० पासून ठाण्यात मनाच्या आजारांबद्दल उघडपणे बोलायची सवय लावली, तिचा फायदा आमच्या पिढीला झाला. पण व्याख्यान ऐकून परतलेल्या बाईंपुढे पुन्हा सलग पाच तास असतील, तर ते ऐकलेलं टिकणार कुठे? दोन तासांनंतर एक मोकळा चौकोन, हा नियम मी शक्यतो मोडू देत नाही.

त्या चौकोनावर सगळ्यांचा डोळा असतो. कुणी रजेवर गेलं, कुणाला मतदारयादीच्या (बीएलओ) कामाला बोलावलं, शासनाच्या यू-डायस प्रणालीत शाळेची माहिती आजच भरायची आहे, की मोकळ्या तासाचा बदली तास होतो. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरला आहे आणि त्यात तयारीचे तासही मोजले आहेत. तयारी हे काम आहे, असं कायद्यानेच लिहून ठेवलं आहे. तरीही मोकळा तास म्हणजे रिकामा तास, ही समजूत जात नाही.

बढतीचं बोलायचं तर आमच्या पेशात पायऱ्या थोड्या. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांनी निवडश्रेणी, आणि वर चढायचं तर वर्ग सोडून कार्यालयात यायचं. मधल्या वर्षांत शिक्षकाला वाढ मिळते ती कोणता वर्ग आणि कोणता विषय हाती येतो त्यातून, म्हणजे पुन्हा वेळापत्रकातूनच. वर्षानुवर्षं पाचवीच शिकवणाऱ्या बाईंनी दहावी मागितली, तर द्यावी. पहिल्या वर्षी अनुभवी सरांचा मोकळा तास त्यांच्या तासाला जोडून ठेवावा, म्हणजे सर मागच्या बाकावर बसू शकतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हायचं आहे. पंचेचाळिशीतली माणसं पुन्हा अभ्यासाची पुस्तकं उघडत आहेत, मनातून धास्तावली आहेत. त्यांना आठवड्यातून दोन दिवस शेवटचा तास मोकळा मिळावा, एवढं वेळापत्रक नक्की करू शकतं.

आणि मुलं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळवायला आमच्याकडचे पालक सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात खेपा घालतात, रजा काढतात. कागद हाती आला की परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. रोजच्या वर्गात काय बदलतं? वर्गशिक्षिका, भाषेच्या बाई आणि विशेष शिक्षिका एका टेबलाशी बसल्या नाहीत तर काहीच नाही. राज्याने २०२४ मध्ये केंद्रपातळीवर, म्हणजे शाळांच्या गटासाठी, विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण करण्याचा निर्णय घेतला, म्हणजे साधारण दर केंद्राला एक. केंद्रातल्या सगळ्या शाळांत फिरणाऱ्या या बाई ज्या दिवशी आमच्याकडे येतील, त्या दिवशी वर्गशिक्षिका आणि भाषेच्या बाई या दोघींचा एकच तास मोकळा हवा. अशाच एका तासात कळलं, की फळ्यावरून उतरवताना ओळी गाळणारा मुलगा विज्ञानाची उत्तरं तोंडी अचूक देतो. त्याचं उतरवून घेणं थांबवलं, छापील टिपण दिलं, घटक चाचणी तोंडी घेतली. भाषेचा तास मधल्या सुट्टीआधी आणला. यासाठी एक रुपयाही लागला नाही.

तासांसारखीच जागाही मुलांसाठी बदलता येते. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली समर्थ भारत व्यासपीठाने महापालिकेच्या साथीने २०१६ मध्ये सिग्नल शाळा सुरू केली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांपाशी गेली, आणि २०१८ मध्ये तिथली दोन मुलं दहावी उत्तीर्ण झाली. मग कुबड्या घेऊन येणाऱ्या मुलीसाठी आठवीचा वर्ग तळमजल्यावर आणायला कसली अडचण? आम्ही आणला. गुडघेदुखीने बेजार झालेल्या इतिहासाच्या बाईंचे जिनेही त्यामुळे आपोआप वाचले.

अडतं ते बदली तासांपाशी. त्यासाठी वेगळं माणूस संचमान्यतेत, म्हणजे शासनाने मंजूर केलेल्या पदांत, बसत नाही, तेव्हा मानधन शाळा चालवणाऱ्या संस्थेनेच द्यायला हवं. आमच्याकडून निवृत्त झालेल्या दोन बाई डोंबिवलीतच राहतात आणि आठवड्यातले तीन दिवस यायला तयार आहेत. त्यांच्या मानधनाचा प्रस्ताव संस्थेच्या येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला घ्या, असं मी सचिवांना लेखी कळवलं आहे.