घंगाळातली बाग

पणजोबा होळकर दरबारच्या चाकरीसाठी इंदुरास आले, तेव्हा सोबत आणलेल्या भांड्यांपैकी एक पितळी घंगाळ तेवढे आमच्या वाट्यास आले. वाडा विकला गेला, आम्ही सदनिकेत आलो आणि ते माळ्यावर पालथे पडले. सेवानिवृत्तीनंतर मनात आले की, त्यात मांसल पानांच्या वनस्पतींची, ज्यांस हल्ली सारेच ‘सक्युलंट’ म्हणतात, आरास मांडावी.

पहिला प्रयत्न सपशेल फसला. रोपवाटिकेतून देखणी तेवढी रोपे उचलली. त्यांत मेक्सिकोकडची, कमळासारख्या घडणीची एचेव्हेरिया अधिक. तळाशी खडे, वर माळव्याची काळी माती. खडे घातले की पाण्याचा निचरा होतो, हा आमचा भ्रम. भांड्याला वाटच नसेल तर पाणी जाणार कोठे? श्रावणात मुळे कुजली, पाने बोट लावताच गळू लागली.

दुसऱ्या खेपेस रूपापेक्षा आमच्या गच्चीचे ऊन पाहिले. ते सकाळचे दोन-तीन तासच. म्हणून कमी उजेडात निभावणारी हॉवर्थिया घेतली, कडेला जेड. आणि मधोमध पानफुटी, जुन्या वाड्याच्या परसातून आणलेल्या एका पानाच्या कडेला फुटलेली. तीही मूळची मादागास्करची. पण आमच्याप्रमाणेच तिला आता परकी कोण म्हणेल? जेडच्या फांद्या कापल्यावर चार-पाच दिवस सावलीत ठेवून जखमा सुकू दिल्या. मातीत दुपटीने जाड वाळू व विटांचा चुरा मिसळला.

राहिला प्रश्न घंगाळाचा. “अहो, सासूबाईंनी यातल्या पाण्याने मुलांना दिवाळीची न्हाणी घातली, त्याला भोक पाडणार?” सौ.ने विचारले. आत कुंड्या ठेवाव्यात, ही तिची सूचना आम्ही करून पाहिली. एका रात्रीच्या पावसात त्या निम्म्या बुडाल्या. अखेर घंगाळ रिक्षात घालून कसेरा बाजारात नेले. कारागिराने यंत्र हाती घेतले, थबकला. “बाबूजी, फिर इसमें पानी नहीं रुकेगा.” आम्ही मान हलवली, पण छिद्र पडताना मात्र दुसरीकडे पाहत राहिलो.

सौ. दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. पहिल्या पावसानंतर सकाळी गच्चीत गेलो, तो विटांवर टेकविलेल्या घंगाळाखाली, गळणाऱ्या पाण्यासाठी, स्वयंपाकघरातले जुने ताट ठेवलेले दिसले.