मीकात विमानतळाच्या आधी येते

मुंबई ते जेद्दाह हे अंतर हवाई मार्गाने सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. थेट विमानाला साधारण सव्वापाच तास लागतात. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे दुपारी अडीचला निघालेले विमान तिथल्या सव्वापाच-साडेपाचला उतरते.

गेल्या डिसेंबरात अम्मीला घेऊन उमऱ्याला निघाले. आम्ही रत्नागिरीकडचे, म्हणजे मुंबईतच मुसाफिर. जोहर आणि असर विमानतळावर एकत्र अदा करून विमानात बसलो.

अम्मीला नानांची आठवण आली. ते मुंबईच्या गोदीतून जहाजाने हजला गेले होते. समुद्रावरच आठवड्याहून जास्त दिवस जात. निरोप देताना घरचे लोक कहासुना माफ करून घेत, कारण माणूस परत येईल याची खात्री नसे. 1995 पासून हाजींची जहाजे बंद झाली. "त्यांना तयारीला समुद्रभर वेळ होता," अम्मी म्हणाली, "आपल्याला एक दुपार."

विमान पश्चिमेला जात असल्याने सूर्य मावळायला तयार नव्हता. माझ्या घड्याळात मुंबईचे सात वाजून गेले, तिकडे मगरिब होऊन गेली होती आणि आमच्या खिडकीत अजून ऊन होते. खाली वाळवंटच वाळवंट.

तेवढ्यात सूचना झाली, थोड्याच वेळात मीकात येईल. भारतातून जाणारी विमाने ताइफजवळच्या कर्नुल मनाजिलच्या हद्दीवरून जातात, जेद्दाहला उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी. नानांच्या जहाजाला यलमलमची मीकात लागत असे.

शेजारचे साताऱ्याचे चाचा एकदम घाबरले. "बेटी, एहराम मोठ्या बॅगेत राहिला!" आणि बॅग विमानाच्या पोटात. कुणीतरी त्यांना सांगितले होते, जेद्दाहला उतरून बांधा. मागच्या रांगेतल्या एका तरुणाने आपली जादा जोडी काढून दिली. चाचा विमानाच्या छोट्याशा बाथरूममधून दोन पांढऱ्या चादरींत बाहेर आले, तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. सर्वांनी नियत केली. तलबिया सुरू झाली. अम्मीचा आवाज मला इतका ठाम कधी ऐकू आला नव्हता.

तिकिटावर प्रवास जेद्दाहपर्यंतचा असतो, पण उमऱ्याला जाणाऱ्याने हिशेब मीकातपर्यंतचा ठेवावा. विमान तिथे थांबत नाही. मिनिटाला दहा-बारा किलोमीटर मागे टाकत जाते. म्हणून पुरुषांनी एहराम घरीच किंवा मुंबई विमानतळावर बांधावा, निदान हातातल्या पिशवीत ठेवावा. नियत मीकातच्या सूचनेवर करावी. झोप लागण्याची भीती असेल तर शेजाऱ्याला उठवायला सांगून ठेवावे.

आणि कहासुना माफ करून घेणे? त्याला आजही घरूनच सुरुवात करावी. पाच तासांत तेवढा वेळ मिळत नाही.