पंधरापैकी पंधरा

परवा नातू शाळेतून प्रथमोपचार शिकून आला आणि मला 1987 सालचं ते चिंचेचं झाड आठवलं. इथेच रिठदला माझ्या वर्गातला एक मुलगा त्यावरून पाठीवर पडला. डोळे उघडे, हात हलवत होता, "गुरुजी, पाणी" म्हणाला. वाटलं, वाचलं पोरगं! मीच काखेत हात घालून त्याला बसवलं, पाणी पाजलं, जीपमध्ये घातलं. पाय मात्र पुढे कधीच हलले नाहीत. पडल्यामुळे की माझ्या उचलण्यामुळे, देव जाणे.

डोक्याला मार लागला की डॉक्टर शुद्ध मोजतात, ती ग्लासगोची पद्धत 1974 सालची. डोळे उघडणं, बोलणं, हालचाल यांना गुण. कमीत कमी 3, जास्तीत जास्त 15. माझ्या विद्यार्थ्याला त्या दिवशी पैकीच्या पैकी मिळाले असते. पण मणक्याचा पेपर वेगळा असतो, हे या मास्तरला ठाऊक नव्हतं.

म्हणून सांगतो मंडळी, उंचावरून पडलेला माणूस बोलत असला तरी त्याला बसवू नका. आहे तिथेच डोकं-मान दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि 108 ला फोन करा.

तो भेटला की आजही "बसा गुरुजी" म्हणतो. मी नजर चुकवतो. असो.