जितका ट्रॅफिक, तितकं ॲव्हरेज!

ट्रॅफिकमध्ये ॲव्हरेज वाढतं! कमी होत नाही, वाढतं! सध्या मी भेटेल त्याला हेच सांगते आहे आणि समोरचा दरवेळी विचारतो, "कमी होतं म्हणायचंय ना?" नाही हो, वाढतं. सिंहगड रोडवरून निघायचं, वारज्याचा पूल, चांदणी चौक, मग भूमकर चौकातली ती रांग आणि हिंजवडी, ही माझी रोजची वाट. जुनी पेट्रोल ऑटोमॅटिक या वाटेवर लिटरला बारा किलोमीटर द्यायची. नवी हायब्रिड त्याच वाटेवर, त्याच वेळेला, एसी चालू ठेवून बावीसच्या आसपास देते. स्क्रीनवरचा आकडा नाही सांगत मी. टाकी फुल, पुन्हा टाकी फुल, हातात पंपाची पावती, आणि सरळ भागाकार.

आता खरी गंमत. हीच गाडी एक्स्प्रेसवेला शंभरच्या वेगाने धरली की आकडा एकवीसवर येतो. जुनी गाडी तिथे सतरा द्यायची. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर फरक चार किलोमीटरचा, आणि चौकाचौकांत अडकलेल्या रस्त्यावर दहाचा! गाडी घेतानाचं आपलं सगळं गणितच उलटं होतं ना! हे का होतं ते कळेपर्यंत मला चैन पडेना, आणि कळलं तेव्हा तर त्याहून पडेना.

ब्रेक दाबला की काय होतं? पेट्रोल जाळून आपण जो वेग कमावला, तो ब्रेकच्या चकत्या तापवण्यात संपतो. सिग्नल सुटला की पुन्हा पेट्रोल, पुन्हा वेग, शंभर मीटरवर पुन्हा ब्रेक. शहरात आपण दिवसभर पेट्रोल विकत घेऊन त्याची उष्णता करत असतो! हायब्रिडमध्ये ब्रेकवर हलका पाय ठेवला की चाकांना जोडलेली मोटर उलट काम करू लागते, जनरेटर होते, आणि गाडीचा वेग वीज होऊन बॅटरीत जातो. पुढच्या सिग्नलला त्याच विजेवर गाडी निघते, इंजिन बंद असतानाच. रांगेत पुढे सरकतानाही बंदच. पेट्रोलचं इंजिन सगळ्यात उधळं असतं ते नेमकं या रांगण्यात आणि उभं राहण्यात, आणि तेवढाच भाग मोटर स्वतःकडे घेते.

बॅटरी केवढी, ते ऐका. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या 2022 मध्ये आलेल्या जुळ्या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये ती 0.76 किलोवॅट-तासांची आहे. महावितरणच्या बिलातलं पाऊण युनिट! विजेवरच्या मोटारीत याच्या कितीतरी पट मोठी बॅटरी लागते, कारण तिला सगळा प्रवास त्यावर करायचा असतो. इथे साठवणीचा हौद नकोच आहे, तांब्या हवा आहे: भर, ओत, पुन्हा भर.

या गाड्यांचे आकडे वाचून मी प्रथम चक्रावले. इंजिन 92 हॉर्सपॉवर, मोटर 80, आणि दोन्ही मिळून 115! बेरीज चुकली का? नाही. एवढ्याशा बॅटरीतून एका वेळी फार ताकद निघत नाही. मोटरला वर लागणारी वीज इंजिनच जनरेटर फिरवून पुरवतं, म्हणून ती दोनदा मोजायची नाही. आणि इंजिन, जनरेटर, मोटर या तिघांना एकत्र बांधणारी वस्तू काय, तर दातेरी चाकांचा एकच संच. मध्ये सूर्यचाक, त्याला जनरेटर. भोवती फिरणारी ग्रहचाकं, त्यांच्या चौकटीला इंजिन. बाहेर कडं, ते मोटरला आणि रस्त्यावरच्या चाकांना जोडलेलं. क्लच नाही. एक-दोन-तीन असे गिअर नाहीत. वेगळा स्टार्टर नाही, कारण जनरेटरच इंजिनाला जागं करतो. 1997 च्या डिसेंबरात टोयोटाची प्रियस जपानमध्ये विक्रीला आली तेव्हापासून मूळ कल्पना हीच आहे. आणि इंजिनाने वीज करायची, मोटरने चाकं फिरवायची, ही युक्ती तर फर्डिनांड पोर्शने 1900 च्या सुमारासच करून पाहिली होती!

मग मी घाट उतरून पाहिला. मुद्दाम. लोणावळ्याहून जुन्या रस्त्याने खोपोली. उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. माणसं धरून दीड टनाची गाडी एवढी खाली येते तेव्हा हिशेबाने सव्वादोन युनिट ऊर्जा मोकळी होते. हवा आणि टायर त्यातली बरीच खातात, तरी जी उरते ती आपल्या पाऊण युनिटाच्या बॅटरीत मावत नाही. घाट संपायच्या आधीच बॅटरी काठोकाठ! आता? गिअरचा दांडा बी वर ओढायचा. इंजिन पेट्रोल न पिता नुसतं फिरवलं जातं आणि गाडीला धरून ठेवतं. त्याचा आवाज चढतो, पहिल्यांदा ऐकणारा दचकतो, पण ते बरोबर चाललेलं असतं. ब्रेक तापत नाहीत. एरवीही ब्रेकपॅडची झीज कमी, कारण थांबवण्याचं बरंचसं काम मोटर करते.

आता पैसे, कारण इथे आनंदात वाहून जाऊन चालत नाही. सारख्या सोयींच्या पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा स्ट्राँग हायब्रिड ऑन-रोड अडीच लाखांनी महाग पडते असं धरू. पेट्रोल 104 रुपये. वर्षाला बारा हजार किलोमीटर, सगळे माझ्यासारख्या शहरी रस्त्यावर: जुन्या गाडीला 1,000 लिटर, हायब्रिडला साधारण 545. वर्षाला सत्तेचाळीस हजार वाचले. अडीच लाख फिटायला सव्वापाच वर्षं. ते अडीच लाख कर्जातून आले असतील तर 9 टक्क्यांनी पाच वर्षांत साठेक हजार व्याज, म्हणजे साडेसहा वर्षं. रनिंग वीस हजारांचं असेल तर, कर्ज नसताना, तीन वर्षांच्या थोडं पुढे! पण बारा हजार किलोमीटर सगळे एक्स्प्रेसवेवरचे असतील तर वर्षाला जेमतेम चौदा हजार वाचतात, आणि फिटायला अठरा वर्षं. तीच गाडी, तेच पेट्रोल. फरक फक्त रस्त्याचा! आणि रनिंगच पाच-सहा हजार असेल तर शहरातसुद्धा दहा वर्षांच्या वर जातात.

बॅटरीची भीती सगळ्यांनाच वाटते, मलाही होती. या गाड्यांत तिची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर आहे. माझ्या हिशेबातले पैसे त्याच्या आत फिटतात, म्हणून मी निवांत आहे. मात्र डिकीचा तळ बॅटरीमुळे उंच येतो. चार जणांचं गणपतीला गावी जायचं सामान पेट्रोल गाडीइतकं मावत नाही, हे आधी शोरूममध्ये बॅगा ठेवून बघाच. आणि बोर्डावर नुसतं 'हायब्रिड' दिसलं म्हणून भुलू नका. माइल्ड हायब्रिडमधली छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, एकटीने गाडी चालवत नाही. मी सांगते आहे ती सगळी जादू स्ट्राँग हायब्रिडची.

मग विजेवरचीच का नाही घेतली? करात तर ती कुठच्या कुठे स्वस्त आहे. तिला 5 टक्के जीएसटी, आणि सप्टेंबर 2025 च्या बदलानंतरही चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडला 40 टक्के. मला हे पटत नाही. जी गाडी शहरातलं पेट्रोल जवळजवळ निम्म्यावर आणते, तिला साध्या पेट्रोल गाडीच्या रांगेत बसवायचं? उत्तर प्रदेशाने 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता, तसं आपल्याकडे व्हायला हवं. तरीही ज्यांच्या पार्किंगमध्ये चार्जर बसतो त्यांनी विजेवरची आधी बघावी, धूर करायचाच नाही हे केव्हाही चांगलं. आमच्या सोसायटीत पार्किंगपर्यंत वायर नेण्याचा विषय दर सभेत निघतो आणि पुढच्या सभेवर जातो. हायब्रिडला प्लगच नाही!

माझ्या बारामतीच्या दिरांना मी स्पष्ट सांगितलं, "भाऊजी, तुमचं रनिंग कमी आणि रस्ता मोकळा, तुम्ही साधी पेट्रोल घ्या." ठाण्याची मैत्रीण मात्र रोज घोडबंदर रोडने बोरिवलीला जाते. परवा फोनवर तिला तासभर हे सगळं ऐकवलं आणि शेवटी बजावलं, "टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी मुळीच घेऊ नकोस. शोरूमवाला मोकळ्या रस्त्यावर नेईल आणि तुला काहीच कळणार नाही. संध्याकाळी सातला जा, आणि गाडी थेट घोडबंदरच्या जाममध्ये घाल!"