वखारीच्या बादल्या मोजल्या, घरची नळी नाही बघितली



बँकेत असताना निपाणी शाखेत माझी चार वर्षं गेली. तंबाखूच्या वखारी बँकेकडे तारण असायच्या. माल वखारीत, किल्ली आमच्याकडे. महिन्यातून एकदा न सांगता तपासणी. बोद मोजायचे, लाल बादल्यांत वाळू आहे का बघायचं, आगीच्या विम्याची मुदत संपली नाही ना, त्यात बँक क्लॉज घातलाय ना, सगळं डोळ्यांत तेल घालून. एका वखारीत बादलीत वाळूऐवजी बिडीची थोटकं निघाली. बिडीची! तंबाखूच्या वखारीत! मालकाला मी असा काही झापला की विचारू नका.

आणि घरी काय? निवृत्तीनंतर बेळगावला टिळकवाडीत राहायला आलो. दोन वर्षांमागची दिवाळी. हिनं चकलीसाठी तेल ठेवलं, तेवढ्यात लेकीचा फोन आला. "अहो, जरा लक्ष ठेवा" म्हणून ही बाहेर गेली. मी 'तरुण भारत' वाचत बसलो. वास आला म्हणून मान वर केली तर कढईत जाळ. मी काय केलं? पिंपातून तांब्या भरून घेतला.

"पाणी नको!" ही दारातनंच ओरडली. गॅस बंद केला आणि पिठाची परात हळूच कढईवर सरकवली. जाळ गुदमरला. मी परात उचलून बघायला गेलो तर हात धरला, म्हणाली, "गार होईपर्यंत शिवायचं नाही." खरंच होतं तिचं. पाणी तेलापेक्षा जड, तळाला जातं, क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल उडवते. माझा तांब्या पडला असता तर समोर हीच उभी होती.

ही कुठं शिकली? आमच्या आईकडून. लहानपणी आमच्या काकूचा पदर पंपाच्या स्टोव्हवर पेटला होता, आजोबांनी खांद्यावरचं घोंगडं टाकून विझवला. लोकर भडकत नाही. त्या दिवसापासनं आई सुनांना हेच सांगायची. आम्हा पोरांना कुणी सांगितलं नाही, आम्ही कशाला स्वयंपाकघरात जातोय!

दुसऱ्या दिवशी मी गॅसची नळी उलटी करून छापलेलं साल बघितलं. अकरा वर्षं जुनी! पाच वर्षांनी बदलायची असते. नवी आयएसआय छापाची घातली. वायरमन बोलावून आरसीसीबी बसवून घेतला. गॅसचा वास आला तर बटणाला हात लावायचा नाही, खिडक्या-दारं उघडायची, रेग्युलेटर बंद करून बाहेर येऊन १९०६ ला फोन. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो. हे सगळं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलंय.

आता दर एक तारखेला तपासणी असते. फक्त तपासणारी ही आणि झापून घेणारा मी. घराचा विमा तेवढा राहिलाय. सोमवारी जातो म्हटलं तर म्हणते, "बँक क्लॉज बघून घ्या हं."