वाट त्याची आहे

राधानगरीच्या माणसानं समुद्रात डायव्हिंग शिकवावं, याचं आमच्याकडे कौतुक कमी आणि चेष्टा जास्त. "लक्ष्मी तलाव काय आटला हुता व्हय?" असं विचारणारे पाहुणे अजून भेटतात. दाजीपूर ओलांडून फोंडा घाट उतरला की मालवण, आणि बहुतेक कोल्हापूरकरांची स्कूबाशी पहिली ओळख तिथंच होते. प्रशिक्षक सिलिंडरला धरून खाली नेतो, रंगीत मासे दाखवतो, व्हिडिओ काढून वर आणतो. मांटा बघायचा तर मात्र मालदीवसारख्या ठिकाणी जावं लागतं, आणि तिथं धरून न्यायला कुणी नसतं.

मांटा म्हणजे वागळीच्या गोतावळ्यातला सगळ्यात मोठा मासा. प्रवाळ बेटांजवळचा पाचेक मीटर रुंद भरतो, खोल समुद्रातला सात मीटरपर्यंत. त्याच्या शेपटीत विषारी काटा नसतो. खाणं प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचं. घाबरायचं कारण नाही, आणि सगळा घोटाळा तिथंच होतो. ज्याची भीती वाटत नाही त्याच्या अंगचटीला जायला माणसाला वेळ लागत नाही.

गव्यापासून लांब राहायला आमच्या गावच्या पोरांना शिकवावं लागत नाही. दाजीपूरच्या रस्त्यावर कळप आडवा आला की गाडी थांबते. हॉर्न नाही, खाली उतरणं नाही. गवा उभा राहून वास घेतो, फुस्स करतो, सावकाश निघून जातो. वाट त्याची आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. डिसेंबर 2020 मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला, तेव्हा बघ्यांच्या गर्दीनं त्याला पळव पळव पळवलं. अखेर बेशुद्ध करून पकडला आणि तो मेला. मारायला कुणीच गेलं नव्हतं, सगळे नुसते बघायला गेले होते.

पाण्याखाली असं लांब थांबून बघणं जास्त अवघड, कारण तिथं माणसाला नुसतं स्थिर राहणंच जमत नाही. मांटा ठरावीक खडकांवर अंग साफ करून घ्यायला येतो. तो खडकावर घिरट्या घालू लागला की बोटभर लांबीचे मासे त्याच्या कल्ल्यांत शिरून परजीवी टिपतात. पोटावरचे काळे ठिपके नेमके तेव्हा दिसतात. प्रत्येकाची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते आणि अभ्यासक त्यावरूनच एकेक मांटा ओळखतात. अशा वेळी आपण बाजूला, खडकापासून लांब, तळाजवळ थांबायचं. तळाजवळ म्हणजे तळावर नव्हे. पायातले फिन्स प्रवाळाला लागता कामा नयेत. तो अंगावरून जाताना श्वास हळूहळू सोडायचा, म्हणजे बुडबुड्यांचा लोट त्याच्या पोटावर आदळत नाही. किमान तीन मीटर अंतर आपण राखायचं. ते त्यानं मोडलं तर त्याची मर्जी, आपण हलायचं नाही. हात तर लावायचाच नाही. त्याच्या कातडीवर बुळबुळीत संरक्षक थर असतो, तो निघाला की जंतुसंसर्गाला वाट मिळते. पाठलाग करणाऱ्याला तर फक्त शेपटी दिसते. समोरून आडवे गेलात की तो खडक सोडतो आणि रांगेत थांबलेल्या सगळ्यांचा डाइव्ह वाया जातो.

म्हणून मी नवख्याला मांटाच्या डाइव्हला नेत नाही. आधी बीसीडीतली, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटमधली, हवा आणि श्वास सांभाळून पाण्यात अधांतरी थांबून दाखव, कॅमेरा नंतर. यावरून पुष्कळ जण नाराज होतात, होऊ देत.

मालदीवच्या हनिफारू उपसागरात पावसाळ्यात प्लवकांचा खच पडतो आणि कधी कधी शंभरावर मांटा एकत्र चरतात. तिथं स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्कल लावून वरूनच बघायचं. माझं पोट या धंद्यावर आहे, तरी ही बंदी मला योग्य वाटते.

या माशाची वाढ सावकाश. मादी वर्षभर पोटात वाढवून एकच पिल्लू देते आणि पुढच्यासाठी कित्येक वर्षं लावते. कल्ल्यांच्या गाळण्या चिनी पारंपरिक औषधांच्या बाजारात विकल्या जातात म्हणून त्याची शिकार झाली. 2013 मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स करारानं त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आणले.

सुट्टीत कुणी मालदीवला निघाला असाल तर बुकिंग करताना एवढंच विचारा : मांटापासून किती अंतर ठेवायला लावता? "काळजी नको, हात लावून देतो" असं उत्तर आलं तर दुसरं डाइव्ह सेंटर शोधा.