राज्यघटना कोणाकोणाला बांधते?

मूलभूत हक्क म्हणजे शासनाविरुद्धचे कवच, असे शाळेत शिकवले जाते आणि ते बहुतांशी खरेही आहे. परंतु महाडच्या चवदार तळ्याची वाट शासनाने अडवलेली नव्हती. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले ठराव संमत झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांस खुले केले. तरीही अस्पृश्यांना तेथील पाणी मिळेना, कारण गावातील सवर्ण आड उभे होते. १९२७ च्या सत्याग्रहानंतर तर त्यांच्यापैकी काहींनी तळे खासगी मालमत्ता असल्याचा दावा लावला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागेपर्यंत १९३७ साल उजाडले. सरकारी ठरावाने उघडलेले तळे शेजाऱ्याच्या मनगटाने बंद राहते, हा अनुभव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या गाठीशी होता.

घटनेतील काही कलमे म्हणूनच खासगी व्यक्तींनाही थेट बांधतात. कलम १५(२) दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी यांतील मज्जाव दूर करते. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते, २३ वेठबिगार आणि २४ धोक्याच्या कामांतील बालमजुरी निषिद्ध ठरवते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत 'दुकान' या शब्दाविषयी प्रश्न निघाला, तेव्हा बाबासाहेबांनी तो व्यापक अर्थाने वापरल्याचे सांगितले: जो कोणी मोबदल्यात सेवा देऊ करतो, तो त्यात आला.

या कलमांचे बळ १९८२ साली दिसले. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांची बांधकामे चालली होती. मजुरांचा किमान रोज सव्वानऊ रुपये. त्यातला एक रुपया जमादार कापून घेत. रुपया तो काय! पण न्यायमूर्ती भगवती यांनी निर्वाळा दिला की, भुकेपोटी किमान वेतनाहून कमी दरात राबावे लागणे हीही वेठच होय, आणि कलम २३ खासगी कंत्राटदारालाही लागू आहे.

घराच्या दाराशी मात्र हा मार्ग अडतो. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेत सभासदत्व केवळ पारशांपुरते होते. एका सभासदाला आपली मालमत्ता बाहेरच्यास द्यावयाची होती. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने संस्थेची बाजू उचलून धरली. सभासदांनी उपविधी स्वेच्छेने मान्य केले आहेत, संघटना स्थापण्याचा त्यांनाही हक्क आहे, बदल हवा असल्यास तो विधिमंडळाने करावा, असा त्या निकालाचा आशय. समानधर्मीयांनी, समान आहाराच्या कुटुंबांनी एकत्र राहावे ही इच्छा गैर नव्हे. आपल्या समाजातील अनेक सोसायट्या त्याच इच्छेतून उभ्या राहिल्या. पण शहरातील एकेक सोसायटी असाच नियम करू लागली, तर घर शोधत फिरणाऱ्याला प्रत्येक दारी तोच नकार मिळतो, आणि तो कोणत्याही सरकारने दिलेला नसतो. त्या निकालात हा माणूस कुठेच दिसत नाही, ही त्याची मोठी उणीव होय.

जानेवारी २०२३ मध्ये घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने कलम १९ व २१ खालील हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात, असे म्हटले. न्यायमूर्ती नागरत्ना यांचे मत वेगळे पडले. घर नाकारला गेलेला मनुष्य उद्या न्यायालयात गेला, तर त्याच्या वकिलाच्या एका हातात २०२३ चा निकाल असेल. सोसायटीचा वकील २००५ चा पुढे करील.